न्हाणें आणि शिकेकाई

मराठींत आंघोळ आणि न्हाणें हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि त्यांतील भेद जुन्या घरांतील बायका कटाक्षानें पाळीत असत. आंघोळ रोजची, न्हाणें आठवड्याचें. अंगावर चार तांबे पाणी घेतलें कीं आंघोळ झाली. परंतु डोक्यास तेल जिरवून, केस मोकळे सोडून, शिकेकाईच्या पाण्यानें ते मुळापर्यंत धुतले म्हणजे मगच बाई न्हाली असें म्हणत. तान्ह्या मुलास न्हाऊं-माखूं घालतात, मुलगी वयांत आली म्हणजे तिला न्हाण आलें असें बोलतात. एका शब्दाभोंवतीं एवढा गोतावळा जमला आहे, त्यावरून त्या क्रियेस संसारांत केवढें स्थान होतें हें सहज ध्यानांत येतें. तरीही राजेरजवाड्यांच्या लढायांचा इतिहास लिहिणारांनीं या विषयाकडे फारसें लक्ष दिलेलें नाहीं. ज्यांनीं दिलें त्यांत पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्यूरेटर परशुराम कृष्ण गोडे यांचें नांव प्रथम घेतलें पाहिजे. रिठा, साबण आणि परीट यांच्या इतिहासाचीं साधनें त्यांनीं संस्कृत ग्रंथांपासून परदेशी प्रवाशांच्या वृत्तांतांपर्यंत धुंडाळून एकत्र केलीं.

रिठ्याचें संस्कृत नांव अरिष्टक. त्याचें दुसरें नांव फेनिल, म्हणजे फेसाळ. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत कोणतें वस्त्र कशानें शुद्ध करावें तें सांगितलें आहे. रेशमी व लोंकरी वस्त्रें खाऱ्या मातीनें, नेपाळी कांबळीं रिठ्यानें, झाडाच्या सालीचीं तलम वस्त्रें बेलफळानें आणि जवसाच्या धाग्याचीं वस्त्रें पांढऱ्या मोहरीनें धुवावीं, अशी ती व्यवस्था आहे. लोंकर म्हणजे तरी प्राण्याचे केसच. जो पदार्थ कांबळ्यास चालला तो डोक्यासही चालेल, हें ओळखण्यास कोणा ऋषीची गरज नव्हती. वात्स्यायनाच्या कामसूत्रांतील नागरक रोज स्नान करतो, एक दिवसाआड अंग रगडून घेतो आणि दर तिसऱ्या दिवशीं 'फेनक' वापरतो. फेनक म्हणजे फेस येणारें द्रव्य हें उघड आहे. पण तें केसांसाठींच होतें असें मात्र तेवढ्यावरून म्हणतां येत नाहीं. जुन्या ग्रंथांतील प्रत्येक फेसांत आजची शॅम्पूची बाटली पाहण्याची जी हौस हल्लीं दिसते, ती इतिहासाच्या उपयोगाची नाहीं.

वैद्यांचा भर धुण्यापेक्षां तेलावर अधिक होता. चरकानें सूत्रस्थानांत डोक्यास नित्य तेल लावण्याचे गुण सांगितले आहेत: डोकें दुखत नाहीं, टक्कल पडत नाहीं, केस अकालीं पिकत नाहींत. वाग्भटानें दुसरी एक गोष्ट सांगितली ती आजही घरोघरीं सांगतात. गरम पाणी कमरेखालीं घेतलें तर बळ देतें, परंतु तेंच डोक्यावर घेतलें तर केसांचें व डोळ्यांचें बळ हिरावून नेतें. नातीला न्हाऊं घालतांना बंबांतील कढत पाण्यांत विसाण घालणाऱ्या आजीनें अष्टांगहृदय वाचलेलें नसे, पण तिचा हात वाग्भटाच्याच मतानें चाले.

या सर्वांपेक्षां नेमकी माहिती मिळते ती एका ज्योतिष्याकडून. सहाव्या शतकांतील वराहमिहिरानें बृहत्संहितेंत ग्रह, पर्जन्य, वास्तु, रत्नें अशा नाना विषयांबरोबर गंधयुक्तीचें एक प्रकरण घातलें आहे, आणि त्याची सुरुवातच केसांपासून केली आहे. डोकें पांढरें झालेल्या माणसास फुलें, अत्तरें, वस्त्रें आणि अलंकार कांहींच शोभत नाहीं, म्हणून आधीं केसांची काळजी घ्यावी, असें त्याचें म्हणणें. पुढें कृति येते. लोखंडाच्या भांड्यांत हरिकाचे तांदूळ आंबेत शिजवावे, त्यांत लोखंडाचा कीस घालावा आणि तें सर्व बारीक वाटावें. आंबट पदार्थानें केस भिजवून घेऊन हा लेप डोक्यावर थापावा आणि वरून ओलीं पानें बांधावीं. दोन प्रहरांनीं तो काढून आंवळ्याचा लेप द्यावा, पुन्हां पानें बांधावीं, आणि आणखी दोन प्रहरांनीं डोकें धुवावें. केस काळे होतात.

या कृतींत मंत्रतंत्र कांहीं नाहीं. आंबेंत लोखंड विरघळतें आणि त्याचा क्षार केसांत मुरतो. आंवळ्यांत जो तुरट अंश, म्हणजे टॅनिन, असतो तो त्या लोहक्षाराशीं मिळाला कीं काळाभोर रंग तयार होतो आणि केसावरच बसतो. हिरडा आणि हिराकस एकत्र करून जुने कारकून शाई करीत, तिचें रहस्य हेंच. लोखंडाच्या कढईंत आंवळा किंवा मेंदी रात्रभर भिजत ठेवण्याची आपल्याकडील चाल हीही त्याच घराण्यांतली. वराहमिहिर पक्का व्यवहारी होता. लोखंडाचा आणि आंबेचा दर्प राजाच्या डोक्यास येऊं नये हेंही त्याला सुचलें. म्हणून पुढल्याच श्लोकांत दालचिनी, कोष्ठ, तगर, वाळा, नागकेशर, तमालपत्र इत्यादि सुवासिक द्रव्यांचें 'शिरःस्नान' तो सांगतो आणि तें राजास योग्य आहे असा शेराही मारतो. धुण्याचें पाणी सुगंधी असावें हा आग्रह इतका जुना आहे.

राजवाड्यांतील स्नानाचें असेंच वर्णन कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकांत रचलेल्या मानसोल्लासांत आहे. आजच्या महाराष्ट्राचा बराच भाग त्याच्या सत्तेखालीं होता. राजाच्या उपभोगांत स्नानाला त्यानें स्वतंत्र जागा दिली असून, सुगंधी तेलानें अंग मर्दन करणें आणि मग सुवासिक चूर्णांनीं तें तेल उतरविणें असा क्रम लावला आहे. दिवाळींत नरकचतुर्दशीच्या पहांटे तेल आणि उटणें यांचें जें अभ्यंगस्नान घरोघरीं होतें, त्यांत हाच क्रम सामान्य माणसाच्या ऐपतीस उतरलेला दिसतो.

आतां शिकेकाईकडे वळलें पाहिजे. हें नांव संस्कृत नव्हे. कानडींत हिला सीगेकायी म्हणतात, तमिळमध्यें सीयक्काय; आणि 'काय' म्हणजे फळ किंवा शेंग. शब्द दक्षिणेकडून वर आला यांत संशय नाहीं. वस्तु मात्र सह्याद्रीचीच आहे. कोंकणांत आणि घाटमाथ्यावर हिचे कांटेरी वेल मोठमोठ्या झाडांवर चढतात. वाकड्या कांट्यांनीं ते वाटसरूचें धोतर असें पकडतात कीं सोडवितां सोडवितां फाटावें. वनस्पतिशास्त्रज्ञ पूर्वीं हिला अकेशिया कॉन्सिना म्हणत. अलीकडे त्यांनीं तिचें घराणें बदलून सेनेगालिया रुगाटा असें नांव दिलें आहे. रिठ्याच्या शास्त्रीय नांवाची गोष्ट याहून गमतीची. लिनियसच्या १७५३ सालच्या ग्रंथांत सापिंडस हें नांव आहे, आणि त्याची फोड केली तर 'हिंदी साबण' असा अर्थ निघतो.

शिकेकाई आणि रिठा यांना फेस कां येतो? दोहोंत सॅपोनिन नांवाचीं द्रव्यें असतात. त्यांच्या कणाचें एक टोंक पाण्याशीं सलगी करतें व दुसरें तेलाशीं. केसांवरील तेलकट मळास हें दुसरें टोंक चिकटतें आणि पहिलें टोंक त्याला पाण्याबरोबर ओढून नेतें. साबणही हेंच काम करतो. परंतु एका महत्त्वाच्या बाबतींत दोघांत अंतर आहे. दख्खनच्या काळ्या खडकांतील बहुतेक विहिरींचें पाणी जड. त्यांत साबण पडला कीं पाण्यांतील चुन्याशीं त्याचा सांका होतो आणि तो पांढरट सांका केसांवर बसून ते राठ होतात. सॅपोनिनाचें तसें होत नाहीं. शिवाय साबण खारा, तर शिकेकाईचें पाणी किंचित् आंबट. केसाच्या सालीवर माशासारखे जे सूक्ष्म खवले असतात ते खाऱ्या द्रवांत उभे राहतात आणि आंबटांत मिटतात. न्हाल्यावर केस मऊ लागतात त्याचें एक कारण हें आहे. दुसरें कारण जास्वंदीच्या पानांत आणि भिजविलेल्या मेथींत सांपडतें: त्यांचा बुळबुळीत चीक केसावर पातळ लेप देतो आणि गुंता सुटण्यास मदत करतो. कोंकणांत जास्वंदीचीं पानें पाण्यांत कुसकरून लावीत, ती रीत कांहीं घरांतून अजून आहे.

मात्र हीं द्रव्यें झाडाचीं म्हणून निरुपद्रवी, असें समजणें भाबडेपणाचें होय. रिठ्याचें पाणी डोळ्यांत गेलें म्हणजे होणारी आग ज्यानें लहानपणीं सोसली आहे त्याला हें सांगावें लागत नाहीं. सॅपोनिन माशांना तर विषच. रिठा पाण्यांत कालवून डोहांतील मासे गुंगवून पकडण्याची युक्ति रानांतील लोकांस फार पूर्वींपासून ठाऊक होती. आधीं तेल आणि मग शिकेकाई हा क्रम जुन्या बायकांनीं कां सोडला नाहीं, याचेंही उत्तर येथें आहे. शिकेकाई तेल काढते, पण सगळें काढत नाहीं. उरलेलें तेल केसांना राखतें. मुंबईच्या दोन संशोधकांनीं २००३ सालीं खोबरेल, सूर्यफुलाचें तेल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. धुण्यानें केसांतील प्रथिनें जीं झिजतात त्यांची झीज खोबरेलानें कमी होते, बाकीच्या दोन तेलांनीं तशी होत नाहीं, असें त्यांना आढळलें. संशोधन तेल विकणाऱ्या कारखान्याच्या प्रयोगशाळेंतलें होतें हें खरें, तरी त्यांनीं दिलेलें कारण पटण्यासारखें आहे: खोबरेलाचा कण लहान व सरळ असल्यामुळें तो केसाच्या आंत शिरूं शकतो.

घरगुती कृति कोणत्याही पोथींत सविस्तर सांपडत नाहीं, आणि तसें होण्यास कारण आहे. पेशवाईपासून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत येथील बहुतेक हिंदु पुरुष शेंडी राखून बाकीचें डोकें न्हाव्यापुढें करीत. पोथ्या लिहिणाऱ्या वर्गास केस धुण्याची विवंचनाच नव्हती. ज्यांना होती त्या लिहीत नव्हत्या. त्यामुळें कृति आईकडून लेकीकडे आणि सासूकडून सुनेकडे तोंडींच गेली, आणि घरागणिक बदलत गेली. शेंगा फोडून उन्हांत कडकडीत वाळवाव्या, रिठ्यांतील काळी बी काढून टाकावी, आंवळकाठी घालावी, जोडीला नागरमोथा, गव्हला-कचोरा, कपूरकाचरी आणि वाळा घ्यावा. कोणी त्यांत वाळलेल्या लिंबाच्या साली टाकी, कोणी मेथी. हें सर्व रात्रीं भिजत घालून सकाळीं उकळावें, हातानें कुसकरून फडक्यांतून गाळावें, आणि कोंबट असतां वापरावें. न गाळतां घेतलें तर चोथा केसांत अडकतो आणि दिवसभर निघत नाहीं. मग चुलीवर पाणी तापविणें, लांब केस दोघींनीं मिळून धुणें, पंचानें झाडणें, उन्हांत वाळविणें, धुपाटण्यावर धूप देणें: न्हाण्याचा दिवस म्हणजे बाईचा अर्धा दिवस. हा वेळ कोणाच्या हिशेबांत नव्हता, पण सोसायटीच्या नळावर रांग लावणाऱ्या पुढच्या पिढीस तो परवडेनासा झाला.

आणि या सुगंधी दिवसापासून घरांतील एक बाई दूर बसलेली असे, तिला वगळून ही हकीकत पुरी होत नाहीं. ब्राह्मणांत, आणि त्यांचें अनुकरण करणाऱ्या कांहीं जातींत, नवरा मेला कीं बायकोचें केशवपन करीत. अकरा-बारा वर्षांची मुलगी असली तरी सुटका नसे. कोठें लगेच, कोठें वयांत आल्यावर, परंतु न्हाव्यापुढें बसावें लागेच. पुढें जन्मभर ठराविक दिवसांनीं तो येई. ज्या हातांनीं नणंदेच्या मुलींसाठीं शिकेकाई कांडावी, गाळावी आणि त्यांच्या डोक्यावर घालावी, त्या हातांना स्वतःच्या डोक्यावर फिरविण्यास लाल आलवणाच्या पदराखेरीज कांहीं नसे. हरि नारायण आपटे यांच्या 'पण लक्षांत कोण घेतो' या कादंबरींत यमूचें जबरीनें केलेलें वपन वाचून त्या काळचे वाचक हादरले. तें लेखन १८९० पासून 'करमणूक' पत्रांत क्रमशः येत होतें. आगरकरांनीं 'सुधारक' पत्रांतून या चालीवर कोरडे ओढले. पण सर्वांत सरळ उपाय न्हाव्यांनींच केला. 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानें १८९० सालीं मुंबईचे न्हावी एकत्र जमले आणि विधवांच्या डोक्यास वस्तरा लावावयाचा नाहीं असें त्यांनीं ठरविलें. धर्मशास्त्राचा काथ्याकूट करणाऱ्या विद्वानांस जें पन्नास वर्षांत साधलें नव्हतें, तें करण्याचें धैर्य वस्तरा हातांत असलेल्या माणसांनीं दाखविलें. चाल त्यानंतर एकदम बंद पडली असें नाहीं. विसाव्या शतकाचीं पहिलीं कांहीं दशकें ती रेंगाळली. तरी तिच्या ओसरण्याच्या इतिहासांत त्या सभेस मान दिला पाहिजे.

याच सुमारास विलायतेंत एक हिंदी शब्द नवा अर्थ घेऊन वावरत होता. 'चांपना' म्हणजे अंग दाबणें, रगडणें. त्याचें आज्ञार्थी रूप चांपो. अठराव्या शतकांतील इंग्रजांनीं तो उचलून त्याचा शॅम्पू केला आणि त्याचा अर्थ मालीश असाच ठेवला. पाटण्यास १७५९ सालीं जन्मलेला शेख दीन महंमद कंपनीच्या फौजेंतून निघून १७८४ सालीं आयर्लंडांत कॉर्कला गेला. तेथें १७९४ सालीं त्यानें आपला प्रवासवृत्तांत इंग्रजींत छापला. लंडनमध्यें १८१० सालीं त्यानें खाणावळ काढली, ती बुडाली. मग ब्रायटनच्या समुद्रकांठीं औषधी वाफेचीं स्नानगृहें उघडून त्यानें मालिशीचा असा बोलबाला केला कीं चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम या दोन राजांच्या शॅम्पू-वैद्याची पदवी त्याला मिळाली. त्याच्या स्नानगृहांत गिऱ्हाइकांचे केस धुतले जात नसत, अंग रगडलें जाई. तो १८५१ सालीं वारला, आणि शॅम्पू म्हणजे डोकें धुणें हा अर्थ त्यानंतरच्या दशकांत रूढ झाला. चंपी करणाऱ्या तेलवाल्याचा शब्द असा सातासमुद्रांपलीकडे जाऊन साबणाच्या पाण्यांत पडला आणि बाटलींत भरून घरीं परत आला.

साबण येथें आला तेव्हां त्याचें स्वागत संशयानेंच झालें. विलायती साबणांत जनावराची चरबी असे, आणि सोंवळ्या घरांत त्याला न्हाणीघरापर्यंतही वाट मिळणें कठीण होतें. अर्देशीर गोदरेज यांनीं १९१८ सालीं वनस्पतितेलाचा साबण काढला, त्यामागें स्वदेशीच्या अभिमानाइतकेंच हें कारण होतें. अंगाचा साबण मान्य झाला तरी केस पुष्कळ वर्षें शिकेकाईकडेच राहिले. मग कारखानदारांनीं शिकेकाईच साबणांत घातली. स्वस्तिकची शिकेकाई वडी अनेक मराठी घरांतून दिसूं लागली. मुंबईच्या चाळींतील एका खोलीच्या बिऱ्हाडांत, जेथें मोरींत एकावेळीं एकच माणूस कसाबसा बसे, तेथें उकळणें-गाळणें कोणाला जमणार? वडीनें ती अडचण दूर केली, मात्र जड पाण्यांतला सांका परत आणला. युरोप-अमेरिकेंत ही अडचण रसायनशास्त्रानें सोडविली: बर्लिनच्या हान्स श्वार्झकोफनें १९०३ सालीं पुडींतील शॅम्पू विकावयास काढला, आणि १९३४ सालीं अमेरिकेंत ड्रीन नांवाचा, साबण नसलेला, कृत्रिम द्रव्याचा शॅम्पू निघाला. जड पाण्यांतही तो फेसाळे. शिकेकाई जें काम पूर्वींपासून करीत आली होती तें यंत्रानें करून दाखविण्यास विसावें शतक उजाडावें लागलें. भारतांत १९६४ सालीं सनसिल्क आला, आणि १९८० च्या सुमारास तमिळनाडूंतील उद्योजकांनीं शॅम्पू लहानशा पुडींत भरून खेड्यापाड्यांत नेला. ज्या प्रांतानें शिकेकाईला नांव दिलें तेथूनच ही पुडी निघाली.

शेंगा मात्र अजून रानांतूनच येतात. रायगड-ठाण्याकडील कातकरी आणि ठाकर कुटुंबें हिवाळा सरतांना वेलांखालीं हिंडून त्या गोळा करतात. कांट्यांनीं हात फाटतात, आणि वाळलेल्या शेंगेला वजन थोडें. पिढ्यान् पिढ्या हें चाललें, परंतु १८७८ च्या जंगल कायद्यानें रान सरकारचें झालें आणि शेंग वेंचणारा माणूस सवलतीवर जगणारा ठरला. गौण वनोपज गोळा करून विकण्याचा हक्क कायद्यानें त्यांचा असल्याचें मान्य होण्यास २००६ साल उजाडलें. तरीही व्यापाऱ्याची उचल घेतलेल्या घरास भाव ठरवितां येत नाहीं. शहरांत वनौषधींच्या नांवानें विकल्या जाणाऱ्या बाटलीवर शिकेकाईचें चित्र मोठें असतें. बाटलीच्या पाठीवरील बारीक अक्षरांची यादी वाचली तर फेस बहुधा दुसऱ्याच द्रव्याचा असतो आणि शिकेकाईचा अर्क नांवापुरता. खरी शेंग ओळखावयाची असेल त्यानें ती पाण्यांत चोळून पाहावी: फेस थोडा येतो, तपकिरी असतो, आणि पटकन् बसतो.